सुताराचें चाक व आर्चबिशपाची ढाल

जर्मनी देशांतील गांवांना आपापलें चिन्ह असतें. तें ढालीच्या आकारांत रंगवून निशाणावर व गांवच्या कचेरीवर लावतात. मेन नदीच्या कांठचीं व आइक्सफेल्ड प्रांतांतील अनेक ढालींवर तांबड्या रंगावर पांढरें, बहुधा सहा आऱ्यांचें, गाडीचें चाक दिसतें. हा मुलूख पूर्वीं माइन्झ शहराच्या आर्चबिशपाच्या अमलाखालीं होता, व चाक हें त्याचें चिन्ह होतें.

त्याची कथा अशी सांगतात. इ. स. ९७५ पासून १०११ पर्यंत विलिगिस हा माइन्झचा आर्चबिशप होता. त्याचा बाप गाडीचीं चाकें करणारा सुतार. थोर कुळांतल्या धर्माधिकाऱ्यांस हें खपेना. त्यांनीं त्याच्या वाड्याच्या भिंतींवर व दारांवर चाकें काढून ठेविलीं. विलिगिसानें तीं पुसलीं नाहींत. चिताऱ्यास बोलावून त्यानें तींच नीट रंगवून घेतलीं. ही कथा मागाहूनची असावी, कारण ढालीवर चिन्हें काढण्याची चाल १२ व्या शतकांतली. परंतु विलिगिस कुलीन नव्हता, हें त्याच्या काळच्या थिएटमार नांवाच्या बखरकारानें लिहून ठेविलें आहे.

हिणवण्यासाठीं दिलेली खूण आपण होऊन कपाळीं लावावी काय? बापाचा धंदा कोणी टोमण्यानें विचारला म्हणजे काय वाटतें, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. आम्हांस वाटतें, विलिगिसानें योग्य केलें. लपविलेल्या गोष्टीचाच टोमणा लागतो.

परंतु आमचें मन येथें थांबत नाहीं. पांचशें वर्षांनीं हेंच चाक आर्चबिशप आल्ब्रेख्ट याच्या ढालीवर होतें. हा ब्रांडेनबुर्गच्या राजकुळांतला. सुताराच्या घरीं तो कशाला गेला असेल! त्याच्याच अधिकारानें पापक्षमापत्रें विकलीं गेलीं, आणि ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं ल्यूथरानें आपलें पत्र व ९५ मुद्दे त्यालाच पाठविले. म्हणजे सुताराच्या मुलाच्या चाकाखालीं गरिबांचा पैसा गोळा झाला. लीनतेची खूण वारशानें आली. लीनता आली नाहीं. मग त्या खुणेला अर्थ तरी कोणता उरला?

१८०३ सालीं आर्चबिशपाचें तें राज्य संपलें. चाक मात्र गांवांनीं ठेविलें. ढालीच्या वर्णनांत कारण देतात तें बहुधा एवढेंच, कीं गांव पूर्वीं माइन्झचें होतें. ज्या चाकाखालीं पूर्वजांनीं कर भरला, तेंच आज त्यांच्या वंशजांच्या कचेरीवर आहे. तें जुन्या धन्याचें म्हणून ठेविलें कीं सुताराचें म्हणून, हें ढालीकडे पाहून कळत नाहीं. गोष्ट सांगतात ती मात्र सुताराचीच.