छंदाचा धूर

जुन्या लुनाला एक वास असतो. गोडसर, तेलकट, नाकाला थोडा झोंबणारा. ज्यांच्या घरी ती होती, त्यांना हा वास आला की बाबांची पाठ, मांडीवरचं दप्तर, हँडलला लटकणारी भाजीची पिशवी असं सगळं एकदम आठवतं.

पण तो वास नेमका कसला? अर्धवट जळलेल्या ऑइलचा आणि न जळलेल्या पेट्रोलचा. टू-स्ट्रोक इंजिनात ताजं मिश्रण आत येण्याची आणि जळालेला धूर बाहेर जाण्याची वाट काही क्षण एकाच वेळी उघडी असते. त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निसटतं. ऑइल तर पेट्रोलमध्येच मिसळलेलं, तेही जळतं. म्हणजे आपल्याला ज्या वासाने भरून येतं, नेमकं तेच दुसऱ्याच्या छातीत जातं. आनंद एका बाजूला आणि त्रास दुसऱ्या बाजूला, असं इथे निवडून वेगळं करता येत नाही.

मग अशा आनंदावर आपला हक्क किती?

हा प्रश्न पुण्यात विचारायला हवा, कारण लुना पुण्याची. 1972 साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती बाजारात आणली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवर बेतलेली, 50 सीसीची, सायकलला इंजिन बसवावं तशी दिसणारी. पायडल मारून ती सुरू व्हायची. चढावर इंजिनाला दम लागला की आपण पायांनी हातभार लावायचा. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घर गाठायचं. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहण्याचा तो काळ. त्या काळात कारकून, शिक्षिका, दूधवाले आणि कॉलेजच्या मुली यांना सायकलच्या पुढची पायरी परवडली ती लुनामुळे.

आज चित्र उलटं आहे. ज्याच्याकडे चालू स्थितीतली लुना आहे, त्याच्याकडे बहुतेक वेळा रोजच्या वापराची दुसरी गाडीही आहे. आमच्या रविवारच्या टोळक्यात तरी तसंच आहे. सात-आठ जण शिवाजीनगरच्या बाजूला जमतो, चहा होतो. जुन्या बाजारात मिळालेल्या कार्बोरेटरची कौतुकं होतात. कोणीतरी पेट्रोलमध्ये ऑइल मोजून ओततो आणि बाकीचे त्याला सल्ले देतात. मग नवा पूल ओलांडून शनिवारवाडा, तिथून कसबा गणपती, फडके हौद, तांबट आळी. वाटेत लोक हात करतात. एक आजोबा गाडीच्या सीटवर हात फिरवून म्हणतात, “माझी निळी होती.” हाही या छंदाचा खरा भाग आहे, नुसतं मिरवणं नाही. आपण अनोळखी माणसाला त्याचं तरुणपण दोन मिनिटांसाठी परत देतो.

आणि त्याच गल्लीत तळमजल्यावरची एक खिडकी आतून बंद होते. कोणी काही बोलत नाही. फक्त कडी लावल्याचा आवाज.

आमच्यातला नेहमीचा युक्तिवाद असा: शहरात लाखो गाड्या धावतात, आमच्या आठ लुनांनी काय होतंय? डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञाने 1984 सालच्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात याच धाटणीच्या विचाराला हात घातला होता. त्याचं कल्पित उदाहरण असं: हजार छळणारे आणि हजार बळी. प्रत्येक छळणारा एक बटण दाबतो आणि त्यामुळे प्रत्येक बळीच्या वेदनेत इतकीच भर पडते की ती त्याला जाणवतही नाही. हजार बटणं दाबली गेली की वेदना असह्य होते. आता प्रत्येक जण म्हणू शकतो, “माझ्या बटणाने कोणाला काहीच झालं नाही.” पारफिटच्या मते हा हिशेबच चुकीचा आहे. आपण सगळे मिळून काय करतो आहोत, हेही पाहावं लागतं.

कसब्यात तर पारफिटपर्यंत जायचीही गरज नाही. महामार्गावर एका गाडीचा धूर हवेत हरवतो. दोन्ही बाजूंना घरं आणि मध्ये एखादी रिक्षा जेमतेम जाईल अशा गल्लीत तो हरवत नाही. तो थेट त्या खिडकीत जातो. गल्लीत धुराला पत्ता असतो.

“पीयूसी आहे की!” हे दुसरं उत्तर. पीयूसी असायलाच हवी. पण त्या तपासणीत गाडी उभी असताना, इंजिन मंद चालू ठेवून धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. थंड इंजिन सुरू करताना निघणारा निळसर लोट कुणाच्या स्वयंपाकघरात शिरतो, हे तो कागद सांगत नाही. कायदा आपल्याला रस्त्यावर यायची परवानगी देतो. शेजाऱ्याने काय सोसावं, हे तो ठरवत नाही.

इथे तांबट आळी आठवावी. पेशवाईपासून तिथे तांब्या-पितळेवर हातोडी पडते आहे. मठारकामाचा तो ठणठणाट लुनाच्या फटफटीपेक्षा कितीतरी मोठा. मग तो चालतो आणि आमचा धूर का खटकावा? परंपरा म्हणून? नाही. एकतर ती त्या लोकांची रोजीरोटी आहे. दुसरं म्हणजे आवाज करणारा त्याच आळीत राहतो. त्याची मुलंही त्याच आवाजात अभ्यास करतात. शेजारी त्याचं सोसतात, तो शेजाऱ्यांचं सोसतो. शेजारधर्माला अशी देवघेव लागते. आम्ही मात्र दुसऱ्या उपनगरातून येतो, धूर सोडतो आणि जेवायला आपल्या घरी परततो. त्या देवघेवीत आमचं खातंच नाही.

पन्नास वर्षांपूर्वी त्याच गल्लीतून कामावर जाणाऱ्या कारकुनाच्या लुनाचाही धूर असाच होता. फुप्फुसाला कारण कळत नाही. पण दुसऱ्याला “थोडं सोसा” म्हणायचं असेल, तर कारण द्यावं लागतं. “मला ऑफिस गाठायचंय” हे कारण आहे. “मला मजा येते” हेही कारणच, पण कितपत सोसायला लावेल इतकं?

मग उपाय सोपा आहे असं कोणी म्हणेल. कायनेटिक ग्रीनने 2024 मध्ये ई-लुना आणली. सायलेन्सरच नाही, तर त्यातून धूर कुठून येणार? ज्याला सामान न्यायचंय, धंदा करायचाय, त्याच्यासाठी ते चांगलं उत्तर आहे. पण आमच्यातला एकही जण तिच्यासाठी आपली जुनी विकणार नाही. कारण आम्हाला गाडी नको आहे, आठवण हवी आहे, आणि ती तेलकट आहे. हे कबूल केल्याशिवाय पुढचं बोलणं खोटं होईल.

छंद सोडून द्यावा असं मला वाटत नाही. निरुपयोगी आनंदालाही शहरात जागा हवी. नाहीतर आपण फक्त कामाला जाणारी माणसं उरू. पण ती जागा दुसऱ्याच्या खिडकीतून कापून घेता येत नाही. मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे: खिडकीतल्या माणसाच्या डोळ्यांत बघून “काकू, मी नुसता मजेसाठी आलोय” असं म्हणता येईल का, आणि म्हटल्यावर तिथेच इंजिन सुरू करता येईल का?

मोकळ्या रस्त्यावर कदाचित येईल. फडके हौदाच्या मागच्या बोळात नाही.

आमच्यातले दोघं-तिघं गल्लीच्या तोंडाशीच इंजिन बंद करतात आणि गाडी ढकलत आत नेतात. उतार असला तर पायडल मारतात. लुना जड असते, घाम निघतो. बाकीचे हसतात. पण या गाडीला पायडल आहे, ही तिची इतर गाड्यांपेक्षा वेगळी गोष्ट. इंजिन बंद करूनही पुढे जाता येतं, ही सोय बनवणाऱ्यांनी पैसे वाचवायला ठेवली असेल. आज ती दुसऱ्यासाठी वापरता येते.

आजोबांना सीटवर हात फिरवायला इंजिन चालू असावं लागत नाही.