धूर, धूळ आणि उतरलेलं पाणी



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या ३८व्या श्लोकावर. थोडं आधी, ३६व्या श्लोकात, अर्जुनाने एक प्रश्न विचारलाय. तो आपल्या सगळ्यांचाच आहे: मनात नसतानाही, कुणीतरी मागून ढकलल्यासारखा, माणूस चुकीचं का वागतो? भगवंत म्हणतात, काम आणि क्रोध. आणि मग ३८व्या श्लोकात तीन उपमा देतात. धुराने अग्नी झाकावा, मळाने आरसा झाकावा, वेष्टनाने गर्भ झाकावा, तसं आपलं ज्ञान झाकलं जातं.

खरं सांगू? कितीतरी वर्षं मला वाटायचं, एकच गोष्ट तीनदा सांगितलीय. या मे महिन्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, आबाजींची बंद पडलेली भट्टी उघडली, आणि तिन्ही उपमा वेगवेगळ्या हातात आल्या.

आमचे आबाजी लोहार. वखराची पास, डवऱ्याची पास, विळे, कुऱ्हाडी, सगळं त्यांच्या हातचं. वऱ्हाडातली काळी माती म्हणजे वखर हवाच, आणि वखर म्हटलं की पेरणीआधी पास पाजवायला लोहाराकडे रांग. आबाजी गेले आणि बाबांनी घरामागच्या छपरीला कुलूप लावलं. स्वतः अमरावतीला कारखान्यात लागले. बावीस वर्षं नोकरी केली. खंडेनवमीला तिथल्या मशीनला हार घालायचे, नारळ फोडायचे. पण आबाजींच्या ऐरणीला या बावीस वर्षांत एकदाही कुंकू लागलं नाही.

मी कधी विचारलं नाही का ते. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. माझा बेत साधा होता. जुनी अवजारं घासूनपुसून चकचकीत करायची, फ्लॅटच्या भिंतीवर लावायची, एक मस्त रील करायची. ‘आजोबांचा वारसा’ वगैरे. बाबांनी किल्ली दिली, पण छपरीत आले नाहीत. ओट्यावर पेपर घेऊन बसले.

पहिला हात लागला भात्याला. चामडं वाळून कडक झालेलं, एका घडीवर चिरलेलं, आतली झडप उंदरांनी कुरतडलेली. गावातल्या चांभारकाकांनी ठिगळ लावून दिलं, झडपेला नवं चामडं बसवलं. मी तीन-चार दिवस थोडं थोडं तेल मुरवत राहिलो. मग भट्टी पेटवली, तर छपरी धुराने गच्च! डोळ्यांतून पाणी, खोकून खोकून जीव नकोसा. ओट्यावरून आवाज आला, “भाता मार न बाप्पा! धुराले काय भेतं?”

भाता दाबला. चार-पाच फुंकरीत धूर पातळ झाला आणि खाली लाल निखारा दिसला. आग तिथेच होती. धूर तिच्यातूनच निघत होता. विझवायची गरज नव्हती, वारा हवा होता. मनाचे काही पडदे असेच असतात. चिडचिड, आळस, सकाळी उठून आधी फोन. पाच मिनिटं नाम घ्या, दीर्घ श्वास घ्या, पातळ होतात.

दुसरी ऐरण. वर तांबूस गंज, बाजूला कोळशाची काजळी. छोट्या हातोड्याने टोला दिला तर खणखणीत वाजली. चिरलेली असती तर आवाज बद्द आला असता. तिला तारेच्या ब्रशने आणि रॉकेलच्या फडक्याने नुसतं पुसायचं होतं. गंजाखाली तोंड गुळगुळीत निघालं. हा झाला आरसा. इथे फुंकर पुरत नाही, रोज पुसावं लागतं. म्हणून तर नित्यनेम असतो.

तिसरी सांडशी. रिव्हेटवर गंजून अशी जाम, की दोन्ही पाय जणू एकच लोखंड. मी ठोकायला लागलो. आणखी दोन घाव बसले असते तर रिव्हेट तुटला असता. शेजारचे म्हातारे काका म्हणाले, “डिझलमंधी ठेव आन् इसरून जाय.” चार दिवसांनी हाताने उघडली. गर्भाची उपमा मला तेव्हा कळली. काही झाकणं ओढून निघत नाहीत. त्यांना वेळ द्यावा लागतो, आणि तेवढे दिवस आपण गप्प बसावं लागतं.

इथपर्यंत माझं छान चाललं होतं. मग मी छन्नी घेतली.

आबाजींची लोखंड तोडायची छन्नी. रीलमध्ये चमकेल म्हणून मी तिच्यावर ग्राइंडर फिरवला. धार आरशासारखी झाली आणि टोकाला सुंदर निळी झाक आली. मला वाटलं, काय रंग आलाय! पळत जाऊन बाबांना दाखवली. त्यांनी अंगठा फिरवला आणि खूप वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “पाणी उतरलं न याचं. आता हे नुसतं शोभेचं हाय.”

मंडळी, पोलादाला तापवून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं. यालाच लोहार ‘पाणी देणं’ म्हणतात. नंतर ते पुन्हा तापलं, की जसं जास्त तापेल तसा रंग बदलतो: आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. छन्नीची धार साधारण ३०० अंशांच्या आसपास निळी पडली की मऊ झाली समजायचं. चमकते, पण कापत नाही. गंजाने बावीस वर्षांत जे बिघडवलं नव्हतं, ते मी दोन मिनिटांत बिघडवलं. कशासाठी? लोकांनी बघावं म्हणून. काम, काम म्हणतात तो हाच. ३९व्या श्लोकात भगवंत त्याला कधीच न भरणारी आग म्हणतात. माझी आग लाइक्सची होती.

मी म्हणालो, “बाबा, तुम्ही पुन्हा पाणी द्याल का?”

तेव्हा ते बोलले. आबाजींबरोबर ते लहानपणी खळ्यावर धान्य आणायला जायचे. वर्षभराच्या कामाचं बलुतं. काम आपण केलेलं, तरी सगळ्यांचं मोजून होईपर्यंत बाजूला उभं राहायचं. जो ज्या नावाने हाक मारेल त्या नावाने ओ द्यायची. “तुले वारसा दिसते,” ते म्हणाले, “मले ते खळं दिसते.”

मी काय बोलणार? अर्जुनाला मिळालेल्या उत्तरात दोन शब्द आहेत, काम आणि क्रोध. छपरीच्या आत माझा एक होता, बाहेर ओट्यावर बाबांचा दुसरा. आणि त्यांचा क्रोध खोटा नव्हता. म्हणून सांगतो, आजचं चिंतन ‘लोहाराच्या पोराने लोहारच व्हावं’ असं सांगणारं नाही. बाबांनी ते काम सोडलं, म्हणून मी शिकलो. पण त्या रागाखाली आणखी एक गोष्ट बावीस वर्षं झाकली गेली होती. त्यांच्या हातातलं ज्ञान.

मी विषय बदलायला म्हणालो, “बाबा, सरकारची विश्वकर्मा योजना आहे. २०२३ पासून. अठरा कारागिरांमध्ये लोहारही आहेत, अवजारांसाठी पंधरा हजार मिळतात.” ते हसले. “अवजार भेटन. हात?”

नागपूर जिल्ह्यात नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, अडीच हजार वर्षांहून जुनी. एवढ्या काळापासून विदर्भात हे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात आलंय. आमच्या घरात ते बाबांपाशी येऊन थांबलं होतं.

दिवस मावळला. तापलेल्या लोखंडाचा लालपणा अंधुक उजेडात नीट कळतो, आणि पाण्याचे रंग बघण्यापुरता उजेड अजून होता. बाबा उठले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि छपरीत आले. मी भाता मारला. छन्नी लालबुंद झाली. त्यांनी फक्त टोक पाण्यात धरलं, काढलं, दगडावर घासलं आणि नजर रोखून बसले. मागच्या गरम भागातून रंग हळूहळू टोकाकडे सरकत आला. गव्हाळ. तपकिरी. जांभळ्याची चाहूल लागली आणि... चर्र! अख्खी छन्नी पाण्यात. मग त्यांनी एक जुनी सळई ऐरणीवर ठेवली, चार घाव घातले. सळई तुटली. धार तशीच.

काळपट दिसत होती छन्नी. रील करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाबांचे हात मात्र थरथरत होते, आणि माझे डोळे भरले होते. या वेळी धूर नव्हता.

हिऱ्याचं पाणी उतरतं, मोत्याचं उतरतं, माणसाचंही उतरतं. पण लोखंडाने मला शिकवलं, की उतरलेलं पाणी परत चढतं. फक्त त्यासाठी पुन्हा आगीत जावं लागतं, आणि शेजारी जाणता माणूस लागतो, ज्याला कुठे थांबायचं ते कळतं. आपण त्यालाच गुरू म्हणतो ना?

परतताना अमरावतीत गाडगे नगरला बाबांच्या, म्हणजे गाडगे महाराजांच्या, समाधीवर डोकं टेकवलं. १९५६ साली देह ठेवेपर्यंत त्यांच्याजवळ काय होतं? खराटा आणि खापर. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनात माणसांची मनं झाडायची. त्यांचा खराटा भिंतीवर लावायला नव्हता, झिजायला होता.

आजचा नेम : घरात एखादी जुनी वस्तू शोधा, जी कधीकाळी कामाची होती. आजीची विळी असेल, आजोबांचा रंधा असेल. चमकवू नका. चालती करा. आणि ती चालवायची कशी, हे ज्यांना येतं त्यांना विचारा. ते आधी राग सांगतील. तो पूर्ण ऐका. ज्ञान त्याच्या खाली असतं.

माझ्या पुण्याच्या भिंतीवर काहीच लागलं नाही. गावातली एक काकू विळा घेऊन आली होती, असं आईने परवा फोनवर सांगितलं. बाबांनी पाजवून दिला, आणि काकूने ओट्यावर खुर्ची दिसत असूनही त्यांना हात जोडून ‘दादा’ म्हटलं. येत्या खंडेनवमीला मी गावी जाणार आहे. कुंकू बाबांच्याच हाताने लागेल.

राम कृष्ण हरी!