दीड, घोट आणि कांडं

हाँगकाँगच्या मंडईत भाजीवाली ‘कन-पुन’ म्हणते, तेव्हा ती दीड कन वजन सांगत असते. ‘कन’ हे माप, ‘पुन’ म्हणजे अर्धा. ‘एक’ उच्चारायची गरजच पडत नाही. हीच रीत पैशांतही आहे. कँटोनीजमध्ये ‘शंभर-पाच’ म्हटलं की 150, ‘हजार-दोन’ म्हटलं की 1200. 105 म्हणायचं तर मध्ये शून्य बोलून दाखवावं लागतं. म्हणजे पूर्ण आकड्यावरचा उरलासुरला भाग या भाषेला आधीपासूनच अपेक्षित असतो.

हाँगकाँगचा कन आजही 16 लोंगांचा, सुमारे 605 ग्रॅमचा आहे. चीनच्या मुख्य भूमीवर 1959 मध्ये त्याचे दहाच भाग केले गेले. तरी ‘अर्धा कन, आठ लोंग’, म्हणजे दोघेही सारखेच, ही म्हण जुन्या हिशेबावरच टिकून आहे. मायकेल हुईने 1976 मध्ये तिचंच नाव आपल्या विनोदी चित्रपटाला दिलं.

खरी श्रीमंती मात्र तुकड्यांच्या नावांत आहे. दगडाचं किंवा भाताचं ढेकूळ ‘काउ’, उसाचं कांडं ‘लुक’, लांब वस्तूचा तोडलेला भाग ‘क्युत’, घोट किंवा घास ‘ताम’. तुकडा कसा दिसतो, कुठून तुटला, तोंडात किती मावतो, हे नावातच येतं. तो कुठल्या तरी अखंड वस्तूची उणीव म्हणून मोजला जात नाही, आणि ही दृष्टी फार मोलाची आहे. बोलीत ‘पाण्याचं एक ढेकूळ’ म्हणजे चक्क शंभर डॉलर.

वेळेचंही तसंच. घड्याळाच्या तबकडीवरचा प्रत्येक अंक म्हणजे एक ‘ची’, एक अक्षर. म्हणून तीन ची म्हणजे पंधरा मिनिटं. पाव तासाला ‘क्वत’ म्हणतात, तो इंग्रजी क्वार्टरचा अवशेष. तासाहून थोडं जास्त झालं की ‘को-केइ’, एक आणि वर काही.

भाताबरोबरच्या तोंडीलावण्याला ‘सुंग’ म्हणतात. जेवणानंतर त्यातलं जे उरतं, ते ‘सुंगचे पाय’.

शाळेतल्या निबंधात मात्र यांतले बरेच शब्द चालत नाहीत. ‘थोडंसं’ या अर्थाचा, दिवसभर जिभेवर असणारा ‘ती’ मुलांनी लिहिला, तर तो बोलीतला म्हणून खोडला जातो आणि प्रमाण चिनीतला शब्द घालावा लागतो. जाहिरातींत आणि मोबाइलवरच्या निरोपांत तोच ‘ती’ सर्रास लिहिला जातो.