कूर्मदृष्टी आणि जिवाणी : न दिसणाऱ्या जिवाविषयीचे कर्तव्य

मुलांना निसर्गरक्षणाची प्रेरणा कशी द्यावी, हा प्रश्न सामान्यतः शिक्षणशास्त्राचा मानला जातो. तथापि त्याच्या मुळाशी एक नीतिशास्त्रीय प्रश्न आहे आणि समुद्रातील जिवांच्या संदर्भात तो अधिक तीव्रतेने उभा राहतो. जो जीव कधी पाहिला नाही, बहुधा पुढेही पाहायला मिळणार नाही, आणि ज्याच्या जगण्यामरण्याची वार्ताही कानी येणार नाही, त्याच्याविषयी माणसाचे काही कर्तव्य असते काय, आणि असल्यास ते लहान वयात कोणत्या आधारावर रुजवावे, असा तो प्रश्न आहे. भारतीय दर्शनांत ‘अदृष्ट’ ही संज्ञा कर्माच्या अगोचर फलासाठी, म्हणजे साचलेल्या पुण्यपापासाठी योजतात; प्रस्तुत विवेचनात मात्र ती ‘जे दृष्टीस पडत नाही ते’ एवढ्या शब्दशः अर्थाने घेतली आहे. जयपूरच्या आदर्श नगरात वाढणारे मूल समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असते, त्यामुळे अदृष्टाविषयीच्या कर्तव्याची खरी कसोटी तेथेच लागते. आणि त्याच वस्तीतील एका धार्मिक आचारात या प्रश्नाचे एक जुने उत्तरही सापडते.

या प्रश्नाला सर्वसाधारणपणे दोन उत्तरे दिली जातात. पहिले भयाचे : पोटात प्लास्टिक साठून मेलेले कासव किंवा जाळ्यात गुदमरलेला डॉल्फिन मुलांना दाखवावा, म्हणजे ती सावध होतील. दुसरे ममतेचे : वाळूवरून तुरुतुरु चालणारे पिल्लू दाखवावे, म्हणजे त्यांना लळा लागेल. भयाच्या मार्गातील धोका डेव्हिड सोबेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने 1996 साली दाखवून दिला. निसर्गाशी ओळख होण्याआधीच त्याच्या विनाशाच्या कथा ऐकवल्या, तर मूल निसर्गापासून दूर सरकते, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. ममतेची मर्यादा निराळी आहे. ती डोळ्यांना सुखावणाऱ्या प्राण्यापुरती टिकते. समुद्रातील बहुसंख्य जीव, म्हणजे कवचधारी, कृमी आणि सूक्ष्म प्लवक, तिच्या कक्षेत येतच नाहीत. शिवाय भय आणि ममता या दोन्ही भावना कोणत्या ना कोणत्या दर्शनावर, निदान चित्रावर, अवलंबून असतात, त्यामुळे अदृष्टाचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

तिसरे उत्तर प्रतीकाचे आहे, आणि मराठी वाचकाला ते घरचे वाटेल. महाराष्ट्रातील बहुतेक देवळांत, विशेषतः शिवालयांत, गाभाऱ्यासमोर फरशीत कोरलेले दगडी कासव असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रिये विषयांपासून आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला अवयव आत ओढणाऱ्या कासवाची उपमा दिली आहे, आणि विष्णूच्या दशावतारांत समुद्रमंथनाच्या वेळी मंदार पर्वत पाठीवर तोलून धरणारा कूर्म दुसरा आहे. जैन परंपरेतही विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन, म्हणजे मूर्तीच्या पीठावरील ओळखचिन्ह, कासवच आहे. इतके असूनही प्रतीकाने प्राण्याचे रक्षण झाले नाही. कोकणातील देवळांत दगडी कासवाला नमस्कार होत असतानाच, त्याच कोकणच्या पुळणींवर समुद्री कासवांची घरटी उकरून अंडी खाल्ली आणि विकली जात होती. दगडातील कासव आणि वाळूतील कासव यांच्यामध्ये आचाराचा दुवा नव्हता, त्यामुळे एकाची पूजा आणि दुसऱ्याची लूट ही एकाच गावात विसंगती न वाटता नांदू शकली.

मराठी संतसाहित्यात वारंवार येणारी कूर्मदृष्टीची कल्पना या संदर्भात विशेष विचारार्ह आहे. कासवीला पान्हा नसतो. ती नदीच्या पलीकडच्या तीरावर राहून अलीकडच्या पिलांना केवळ नजरेने पोसते, असा लोकसमज होता, आणि संतांनी गुरूच्या किंवा विठ्ठलाच्या कृपेसाठी तो दृष्टान्त म्हणून वापरला. प्राणिशास्त्र याच्या नेमके उलट सांगते. कोकणच्या किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करून सुमारे 100 अंडी घालते, खड्डा बुजवून समुद्रात परतते आणि त्या घरट्याकडे पुन्हा कधीही फिरकत नाही. सुमारे 45 ते 60 दिवसांनी पिले वाळू सारून वर येतात आणि उजळ क्षितिजाच्या रोखाने निघतात. किनाऱ्यावर दिवे असतील तर त्यांची दिशा चुकते. ज्या पिलांना आईची नजर लाभते असे संतांनी मानले, त्यांना प्रत्यक्षात ती लाभतच नाही. दृष्टान्त शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही म्हणून तो टाकून द्यावा, असे मात्र नाही, कारण आईने न दिलेली ती नजर कोणी द्यायची, हा प्रश्न त्यातूनच निघतो.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी, म्हणजे नाना फडणविसांच्या मूळ गावी, या प्रश्नाचे व्यवहारातील उत्तर 2002 पासून घडत गेले. भाऊ काटदरे यांनी चिपळूण येथे स्थापन केलेल्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने घरटी शोधून अंडी सुरक्षित कुंपणात हलवण्याचे काम तेथे आरंभिले. पुढे वनविभागाचा सहभाग लाभला, कासव महोत्सव सुरू झाला, आणि पाहुण्यांना घरी उतरवून घेण्यातून गावाला उत्पन्नही मिळू लागले. या कामातील एक तपशील तत्त्वदृष्ट्या मोलाचा आहे. कुंपणातील प्रत्येक घरट्यावर एक टोपली पालथी घातलेली असते. ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहायची, पिले वर आली असतील तर त्यांना पाण्यापासून काही अंतरावर सोडायचे आणि वाळूवरून समुद्रापर्यंतची वाट त्यांची त्यांना चालू द्यायची, असा शिरस्ता आहे. येथे कूर्मदृष्टीचे रूपक राहत नाही. ठरलेल्या वेळी कोणीतरी जाऊन पाहायचे, असा तिचा नेम होतो.

वेळासच्या मुलाला निदान टोपली आहे आणि तिच्याखाली कधीतरी पिले दिसण्याची आशा आहे. आदर्श नगरच्या मुलाजवळ काय आहे, हे पाहण्यासाठी त्या वस्तीच्या इतिहासाकडे वळावे लागते. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेली अनेक कुटुंबे आदर्श नगर परिसरात स्थायिक झाली, आणि त्यांत मुलतानचा दिगंबर जैन समाजही होता, ज्याने येथे आपले मंदिर उभारले. या समाजाचे जयपूरशी नाते त्याहून जुने आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास जयपूरचे पंडित टोडरमल यांनी मुलतानच्या साधर्मी बंधूंच्या शंकांना उत्तर म्हणून लिहिलेले पत्र ‘रहस्यपूर्ण चिठ्ठी’ या नावाने आजही अभ्यासले जाते.

या परंपरेतील श्रावकाच्या, म्हणजे व्रतस्थ गृहस्थाच्या, आचारात पाणी गाळून घेणे अनिवार्य आहे. जैन मतानुसार पाणी हेच ज्यांचे शरीर आहे अशा एकेंद्रिय जिवांना ‘अप्कायिक’ म्हणतात, आणि त्यांची हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. परंतु पाण्यात हालचाल करणारे जे ‘त्रस’ जीव असतात त्यांचे रक्षण त्याच्या आवाक्यात असते. म्हणून विहिरीचे पाणी जाड, दुहेरी कापडातून गाळतात. मात्र आचार तेथे संपत नाही. गाळण्यावर जे उरते त्याला ‘जिवाणी’ किंवा ‘बिलछानी’ म्हणतात. गाळणे उलटे करून गाळलेल्या पाण्याने ते धुतात आणि ती जिवाणी ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत परत सोडतात, कारण एका जलाशयातील जीव दुसऱ्यात जगतीलच असे नाही. ती वरून ओतायचीही नसते. तळाला कडी असलेल्या बादलीत ती घेऊन बादली पाण्यापर्यंत उतरवायची आणि तेथे अलगद कलती करायची, म्हणजे उंचावरून पडण्याचा आघात त्या जिवांना होत नाही. ज्यांना कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्यांना त्यांच्या घरी, त्यांना लागणार नाही अशा बेताने पोहोचवण्याचा हा विधी आहे. आणि आठ वर्षांच्या मुलालाही तो करता येतो.

नळ आल्यावर या आचाराचे एक टोक तुटले, कारण जिवाणी परत कोठे सोडायची हे सांगणारी विहीर उरली नाही. तथापि नळामागचा प्रवाह शोधला तर एक लक्षणीय गोष्ट आढळते. जयपूरला 2009 पासून टोंक जिल्ह्यातील बिसलपूर धरणाचे, म्हणजे बनास नदीचे, पाणी मिळते. शहराचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी मोठ्या प्रमाणावर जिच्यात जाते ती द्रव्यवती, जिला दीर्घकाळ अमानीशाहचा नाला म्हणत असत, ढूंढ नदीला मिळते. ढूंढ मोरेलला, आणि मोरेल पुन्हा त्याच बनास नदीला. बनास पुढे चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला मिळून ते पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. अर्थात सारे शहरच एक मोठे गाळणे आहे; ते बनासचे पाणी घेते आणि बनासलाच परत करते, फक्त परत करताना त्यात जीव नसतात, मळ आणि प्लास्टिक असते.

येथे एक आक्षेप संभवतो. या नद्या बऱ्याच अंशी हंगामी आहेत, वाटेत बंधारे आहेत, वाळूची पात्रे आहेत. आदर्श नगरात टाकलेली पिशवी समुद्रापर्यंत पोहोचेल आणि एखाद्या कासवाच्या पोटात जाईल, याची शक्यता अत्यल्प आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि मुलांपासून तो लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चंबळेच्या पात्रात सुसरी आणि गोड्या पाण्यातील अतिसंकटग्रस्त कासवे राहतात, तेव्हा अपाय समुद्राच्या अलीकडेही होऊ शकतो, हे त्याचे अर्धे उत्तर झाले. उरलेले उत्तर तत्त्वज्ञानाचे आहे. कृतीचे मूल्य केवळ तिच्या परिणामांवरून ठरवणाऱ्या मताला परिणामवाद म्हणतात. त्या मताने पाहिल्यास एका पिशवीचा दोष शून्यवत होतो आणि एका जिवाणीचे पुण्यही. श्रावकाचारातील विचार निराळ्या पायावर उभा आहे. त्यात ‘अनर्थदंड’ नावाचा दोष सांगितला आहे. ज्या हिंसेमागे निर्वाहाचे काही प्रयोजनच नसते, ती अनर्थदंड होय, आणि निष्कारण पाणी सांडणे, माती खणणे, झाडपाला तोडणे हे तिच्या ‘प्रमादचर्या’ या प्रकारात, म्हणजे बेफिकीर वर्तनात, मोडते. दहा मिनिटांच्या पाणपोईसाठी वापरून फेकलेला पेला या व्याख्येत नेमका बसतो. तो कासवापर्यंत पोहोचला की नाही, हे न कळताही दोष ठरतो, कारण बेफिकिरी ही कर्त्याच्या ठिकाणी घडलेली गोष्ट आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात परस्परांवर उपकार करणे हे जिवांचे कार्य म्हणून सांगितले आहे, आणि तेथेही उपकृत जीव ओळखीचा असावा अशी अट नाही.

भारतीय संविधानाने 1976 साली कलम 51क द्वारे जी मूलभूत कर्तव्ये नोंदवली, त्यांत वने, सरोवरे, नद्या, वन्यजीव आणि प्राणिमात्राविषयीची दया यांचा उल्लेख आहे; समुद्राचा स्वतंत्र उल्लेख नाही. जी नदी अखेर समुद्रालाच मिळते, तिच्याविषयीचे कर्तव्य मुखापाशी थांबत नाही, हे उघड असले तरी ते मुलांना पाठांतराने उमगत नाही. व्रताने उमगते, कारण व्रत म्हणजे लहान, ठरलेली, हाताने करायची आणि मोडली तर आपल्याला कळणारी कृती. नळाचे पाणी कोणत्या नदीतून आले आणि न्हाणीतून कोणत्या नदीत गेले, हे मुलाने नकाशावर एकदा बोटाने गिरवावे आणि मग आपल्या हातून त्या वाटेवर काय जाऊ द्यायचे नाही, हे स्वतः ठरवावे, एवढा आरंभ त्याला पुरेसा आहे. मात्र घरातील मोठी माणसे पाणी गाळून घेत असतील आणि उत्सवाच्या पंगतीनंतर प्लास्टिकच्या पेल्यांचा ढीग गटाराकडेला टाकत असतील, तर मूल त्यातून आचाराचे कवच तेवढे शिकेल. दगडी कासवाच्या बाबतीत कोकणात जे घडले, त्याचीच ती पुनरावृत्ती होईल.

2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर धातूची खूणपट्टी लावलेली, 03233 क्रमांकाची एक ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. याचा अर्थ जयपूरच्या पाण्याची वाट ज्या उपसागराकडे जाते, त्या उपसागरातील कासव भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून कोकणच्या वाळूत येऊ शकते, आणि आदर्श नगर व वेळास ही दोन टोके एकाच पाण्यावर आहेत. तरीही हा दुवा कर्तव्याचा पुरावा म्हणून वापरण्याची गरज नाही. तो नुकताच कळला, आणि जिवाणी त्याआधी कित्येक शतके विहिरीत परत जात होती. कासवाच्या घरट्यावरील टोपली उचलल्यावर दीड-दोन महिन्यांतील बहुतेक सकाळी खाली नुसती वाळूच असते. ती पाहून टोपली परत ठेवतात आणि संध्याकाळी पुन्हा उचलतात. मुलाला शिकवायचे आहे ते त्या रिकाम्या सकाळींचे पाहणे.