ठरलेलं आणि सुचलेलं

शेवटच्या मिनिटाला हातून गेलेल्या कुस्तीवर आपल्याकडे दोनच वाक्यं बोलली जातात. 'पुढं असताना बचावात गेला, तिथंच घात झाला,' हे एक. 'पुढं होता तर अंगावर कशाला गेला, वेळ काढायची की,' हे दुसरं. गंगावेशीतल्या चहाच्या गाड्यावर एकच माणूस आठवड्याच्या अंतराने ही दोन्ही वाक्यं बोलतो आणि दोन्ही वेळा ऐकणारे मान डोलावतात. गाड्यावरच्या बोलण्याचं मला काही नाही. पण कुस्तीवर लिहिणारे, मैदानात माईकवरून बोलणारे आणि लंगोट ठेवून आता मुलाखती देणारे मल्लही हेच दोन शेरे आलटून पालटून वापरतात. कुठला शेरा कधी काढायचा, हे निकाल लागल्यावर ठरतं. कोल्हापूर स्वतःला कुस्तीपंढरी म्हणवून घेतं. तिथं तरी कुस्तीचा शेवटचा मिनिट यापेक्षा बारकाईने पाहिला जायला हवा.

एप्रिल 2022 मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरवर 5-4 अशी मात केली आणि महाराष्ट्र केसरीची गदा दोन दशकांनंतर कोल्हापूर जिल्ह्यात आली. त्या एका गुणाला आपण जिगर म्हटलं, लाल मातीचा वारसा म्हटलं. तोच गुण पलीकडे पडला असता तर त्याच कुस्तीवर आपण काय बोललो असतो, हे सांगायला नको. त्याच्या आदल्या वर्षी टोकियोत दीपक पुनिया कांस्यपदकाच्या कुस्तीत शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत 2-1 असा पुढे होता. सॅन मरिनोच्या मायल्स अमीनने त्याला खाली आणलं आणि दीपक 2-4 ने हरला. 'थोडा वेळ काढता आला नाही?' असं तेव्हा देशभर विचारलं गेलं. 2016 मध्ये रिओत साक्षी मलिक मध्यंतराला 0-5 अशी मागे होती आणि अखेर 8-5 ने जिंकली, तेव्हा तिच्या प्रतिस्पर्धी मुलीने वेळ काढायला हवी होती का, हे इथं कुणाच्या मनातही आलं नाही.

हा प्रश्न आपल्याला तसा नवा आहे. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभं केलं ते निकाली कुस्तीसाठी. 1912 पासून त्या हौद्याने ज्या कुस्त्या पाहिल्या, त्यांत घड्याळ हा तिसरा पैलवान नव्हता. पाठ लागली की कुस्ती संपली, नाहीतर बरोबरीत सोडवली. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, कडेच्या पट्ट्याबाहेर पाय गेला तर एक गुण, खाली आणून ताबा घेतला तर दोन, हे सगळं मॅटबरोबर आलं. आता जत्रेच्या मैदानातही मोठी कुस्ती रेंगाळली की गुणांवर निकाल लावतात. म्हणजे घड्याळ मातीतही उतरलं आहे. आपली भाषा मात्र अजून निकाली कुस्तीची आहे. तीत 'वेळ' या गोष्टीवर विचार करायची सोय कमी आहे, म्हणून दोन तयार वाक्यांवर भागवलं जातं.

काही स्पष्टीकरणं लगेच बाजूला ठेवतो. नशीब म्हणणाऱ्यांशी वाद घालता येत नाही. पंचांवर 2025 च्या अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेनंतर आपण पोटभर बोललो आहोत. पंच चुकतात, पण सगळ्या हरलेल्या शेवटच्या मिनिटांचा हिशेब त्यांच्या नावावर लिहिता येत नाही. दम कमी पडला, हे खरं असतं तेव्हा त्यात चर्चेसारखं काही उरत नाही.

मला ज्या मताशी भांडायचं आहे ते यांच्यापेक्षा शहाणं आहे आणि गेल्या काही वर्षांत शिकलेल्या क्रीडारसिकांत ते झपाट्याने पसरलं आहे. ते म्हणतं: निर्णय वेगळा आणि निकाल वेगळा. त्या क्षणी जी माहिती हाताशी होती तिच्यावर निर्णय तोलावा. पुढे काय झालं ते पाहून मागे बोट दाखवू नये. आकड्यांनी ज्या चालीत यशाची शक्यता जास्त, ती चाल बरोबर, मग ती फसली तरी. या मताचा लाडका दाखला अमेरिकन फुटबॉलमधला आहे. तो मुळातून पाहायला हवा, कारण त्या खेळात घड्याळ हाच अर्धा खेळ असतो.

1 फेब्रुवारी 2015. सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. न्यू इंग्लंड 28, सिएटल 24. चेंडू सिएटलकडे आणि रेषा एका यार्डावर, म्हणजे हातभर पुढे. घड्याळात 26 सेकंद. सिएटलकडे रेषेपार जायला आणखी तीन प्रयत्न होते, पण घड्याळ थांबवण्याची सवलत एकदाच उरली होती. त्यांच्याकडे मार्शन लिंच नावाचा धावपटू होता, चार माणसं अंगावर घेऊन पुढे घुसणारा. सगळ्या जगाला वाटलं चेंडू त्याला मिळणार. प्रशिक्षक पीट कॅरल यांच्या संघाने पास टाकला. माल्कम बटलर या पहिल्याच वर्षीच्या खेळाडूने तो मध्येच झेपावून पकडला आणि सामना संपला. 'इतिहासातला सर्वांत मूर्ख निर्णय' अशी ओरड झाली. मग आकडेवारीचे लोक पुढे आले. त्या खेळात पास खाली पडला तर घड्याळ थांबतं. धावणारा अडवला गेला तर ते चालू राहतं. एकच सवलत हातात असताना तिन्ही प्रयत्न वापरायचे तर त्यांतला एक तरी पास हवाच. आणि एवढ्या जवळून टाकलेला पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणं फार विरळ. तेव्हा निर्णय बरोबर होता, निकाल वाईट लागला.

यातलं गणित मला मान्य आहे. कॅरल मूर्ख नव्हते, हेही मान्य आहे. तरीही या युक्तिवादाने माझं समाधान होत नाही, आणि त्याची कारणं गणिताच्या बाहेर आहेत.

पहिलं असं की, शक्यतेचा आकडा शेकडो संघांच्या, शेकडो दिवसांच्या सरासरीतून येतो. शेवटच्या मिनिटाला समोर सरासरी उभी नसते. एक विशिष्ट माणूस उभा असतो. बटलरला सामन्याआधीच्या सरावात त्याच्याच संघाने ही हुबेहूब चाल करून दाखवली होती आणि तो तिच्यावर फसला होता. प्रशिक्षकांनी त्याला तिथंच समजावलं. प्रत्यक्ष सामन्यात सिएटलचे दोन खेळाडू तसेच एकामागे एक उभे राहिलेले दिसले, तेव्हा पुढे काय येणार हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो चेंडू सुटायच्या आधीच निघाला. आकडेवारीच्या हिशेबात हे कुठंच धरलेलं नाही. तिच्या लेखी तो विरळ अपघात आहे. माझ्या लेखी त्या सामन्यातली सर्वांत पक्की ठरलेली गोष्ट तीच होती.

दुसरं जास्त गंभीर आहे. निकालाने निर्णयाबद्दल काहीच सांगायचं नाही, असं एकदा मानलं की शिकण्याचा मार्गच बंद होतो. तालमीत वस्ताद पठ्ठ्याला शिकवतो ते हरलेल्या कुस्तीवरूनच. एक निकाल पुरावा म्हणून दुबळा असतो, हे खरं. पण दुबळा पुरावा म्हणजे पुरावाच नाही, असं होत नाही. डाव फसला तर तो का फसला हे विचारावंच लागतं, आणि विचारणाऱ्याला 'तू निकाल पाहून बोलतोस' असं म्हणून गप्प बसवणं मला उद्धटपणाचं वाटतं. गॅलरीत बसलेल्या माणसाला तो अधिकार आहे. त्याने तो नीट वापरावा, एवढीच अपेक्षा.

आणि तिसरं, ज्यासाठी हा लेख लिहितो आहे. दोन्ही बाजू, ओरडणारेही आणि आकडे मांडणारेही, निर्णय शेवटच्या मिनिटात झाला असं धरून चालतात. एक म्हणतो तो चुकला, दुसरा म्हणतो बरोबर होता. शेवटच्या मिनिटात निर्णय होतो का, हे कुणी तपासत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तिथं फक्त दोन गोष्टी घडू शकतात: आधी ठरलेलं बाहेर येतं, नाहीतर काहीतरी सुचतं. घामाने डोळे चुरचुरत असताना, कानात कोपऱ्यातून चार माणसं ओरडत असताना तिसरं काही करायला जागा नसते. म्हणून चाल बरोबर की चूक हे विचारण्याआधी ती ठरलेली होती की सुचलेली, हे विचारायला हवं.

या कसोटीवर आपल्या ओळखीचे वाद वेगळे दिसू लागतात. 1986 च्या सप्टेंबरात चेपॉकला शेवटच्या षटकात भारताला चार धावा हव्या होत्या, हातात एकच गडी. रवी शास्त्रीने दोन घेतल्या, मग एक घेऊन धावसंख्या बरोबरीला आणली आणि मणिंदर सिंगला तीन चेंडू खेळायला दिले. मणिंदर त्यातल्या दुसऱ्यावर पायचीत झाला आणि कसोटी टाय झाली. शास्त्रीने ती एक धाव का घेतली, यावर अजून भांडण होतं. मला ती धाव पूर्ण ठरलेली वाटते: आधी हार टाळायची, मग जिंकायचं. न ठरलेलं होतं ते दुसऱ्या टोकाला. अकराव्या नंबरच्या माणसाने मॅथ्यूजसारख्या फिरकीपटूला खेळून एक धाव कशी काढायची, याचा विचार त्या काळच्या कुठल्याच संघात होत नसे. दोष द्यायचाच तर त्या रिकाम्या जागेला द्यावा. 1979 ला ओव्हलवर 438 चा पाठलाग करताना विश्वनाथच्या आधी कपिलला पाठवलं, ते मात्र मला सुचलेलं वाटतं. गावसकरांच्या 221 धावा असूनही आपण 429 वर थांबलो.

उलट बाजूचं उदाहरण 29 जून 2024 च्या टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या. रोहित शर्माने बुमराहला सोळावं आणि अठरावं षटक दिलं. शेवटच्या दोन षटकांसाठी त्याला राखून ठेवलं नाही. ऋषभ पंतने मध्येच गुडघ्यावर पट्टी बांधून घेतली, खेळ थांबला, आणि तो सुरू होताच पहिल्या चेंडूवर क्लासेन बाद झाला. आपण हरलो असतो तर 'बुमराहला शेवटचं षटक का ठेवलं नाही' हा प्रश्न आजही चालू असता. सात धावांनी जिंकलो म्हणून तो कुणी विचारत नाही. पण विचारला तरी उत्तर आहे: सामना शेवटच्या षटकाआधी वळवायचा, हे ठरलेलं होतं. सीमारेषेवर सूर्यकुमारने चेंडू आत उडवून, स्वतः बाहेर जाऊन, परत येऊन झेलला, तेही सरावात अनेकदा केलेलं होतं. चमत्कार म्हणून आपण त्याचा मान कमीच करतो.

कुस्तीत हा फरक डोळ्यांना दिसतो, फक्त पायांकडे पाहावं लागतं. एका गुणाने पुढे असलेला मल्ल मॅटच्या मध्यावर उभा आहे, प्रतिस्पर्ध्याचं मनगट धरून आहे, कपाळ त्याच्या कपाळाला लावून आहे, खडाखडीत अर्धा पट काढून परत उभा राहतो आहे. त्याचा बचाव ठरलेला आहे. दुसरा मल्ल तेवढ्याच आघाडीवर मागे मागे सरतो, हात सोडून देतो, वरच्या घड्याळाकडे पाहतो, पाय कडेच्या पट्ट्यावर. त्याला वेळ काढायचं सुचलं आहे. नियमही त्याच्यावर टपलेले असतात: निष्क्रियतेची ताकीद, तीस सेकंदांचं बंधन, मग फुकटचा गुण. 'बचावात गेला' हा शेरा या दोघांवर सारखाच मारणारा माणूस कुस्ती पाहतच नाही, असं मी म्हणेन.

शहरातल्या एका तालमीत मी हे शिकवताना पाहिलं आहे. वस्तादांनी चालू असलेली लढत थांबवली, एका पोराच्या छातीवर बोट ठेवलं. 'चाळीस सेकंद. तू एका गुणानं म्होरं हाईस. मागं सरलास तर बघ.' मग दुसऱ्याला सांगितलं, 'तू मागं हाईस. कसं बी कर, पट काढ.' पोरगं दोनदा हरलं. तिसऱ्या खेपेला त्याने मनगट सोडलं नाही. चाळीस सेकंदांचा हा सराव ज्याने रोज केला, त्याला अंतिम फेरीत काही सुचावं लागत नाही.

एक आक्षेप रास्त आहे. सगळं ठरवता येत नाही. प्रतिभा नावाची गोष्ट आहे. टोकियोतच रवी दहियाने 2-9 अशा पिछाडीवरून येऊन कझाकस्तानच्या सनायेवला चितपट केलं, ते कुठल्या आराखड्यात लिहिलेलं असेल? त्या मिनिटाचा आराखडा नसेल. पण गुणफलक विसरून पाठ लावायला जाणं ही सवय असते, आणि ती मातीत वाढलेल्या मल्लाला लहानपणापासून असते. तयार मल्लाला जे सुचतं तेही कधीतरी हजार वेळा केलेलं असतं. एवढी सूट मी देतो, त्याहून जास्त नाही.

शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्येही हेच पाहतो. एका गोलने पुढे असलेला पेठेचा संघ शेवटची पाच मिनिटं चेंडू कोपऱ्यातल्या झेंड्याकडे नेतो, तेव्हा गॅलरीतून शिव्या पडतात. बॅकवाला तोच चेंडू आंधळेपणाने आकाशात भिरकावतो, तेव्हा टाळ्या. पहिला संघ काय करायचं ते ठरवून आला आहे, दुसरा घाबरला आहे. दाद उलटी जाते, आणि पोरं गॅलरीकडून शिकतात.

म्हणून दोन मागण्या आहेत. तालमींनी शेवटच्या मिनिटाचा सराव रोजच्या मेहनतीत धरावा. भिंतीवर एक घड्याळ आणि दोन पोरं, याहून जास्त काही लागत नाही. दुसरी मागणी वर्तमानपत्रांकडे. '5-4 अशी मात' एवढं छापून कुस्ती कळत नाही. गुण कोणत्या मिनिटाला पडले, आघाडीवरचा मल्ल तेव्हा मध्यावर होता की कडेला, हे दोन ओळींत देता येतं. क्रिकेटचं प्रत्येक षटक आपण छापतो. पुढच्या महाराष्ट्र केसरीपासून कुस्तीला या दोन ओळी मिळाव्यात, अशी कोल्हापूरच्या क्रीडा पत्रकारांना माझी विनंती आहे.