तळपायाचें दुखणें : कापावें कीं थांबावें ?

तळपायास कुरूप झालें किंवा चामखीळ उठली, आणि पाऊल टेकतांच कळ मस्तकास जाऊं लागली, म्हणजे मनुष्य म्हणतो, "एकदां कापून टाका." असें म्हणणाराला अधीर म्हणून दोष द्यावा काय? वाचकहो, खुर्चीवर बसून धीराचा उपदेश करणें सोपें आहे. ज्याला पहांटे उठून शेतांत राबावयाचें आहे, त्याचें दुखणें त्याचें त्यालाच ठाऊक.

आम्हींहि एकदां असाच हट्ट धरिला होता. डॉक्टर थांबा म्हणत असतां दुसरीकडे जाऊन टाचेवरील चामखीळ खोल कापवून घेतली. ती गेली खरी. परंतु देहाचा भार पडतो तेथेंच व्रण राहिला, व तो आजहि दुखतो. दोष कापणाराचा थोडा, आमचा अधिक.

कुरूप म्हणजे चपलेच्या किंवा हाडाच्या दाबानें घट्ट झालेलें कातडें होय. दाब कायम ठेवून तें कितीहि कापिलें तरी पुन्हा येतें. चामखीळ विषाणूमुळें होते, व पुष्कळांची, विशेषतः मुलांची, कालांतरानें आपोआप जाते. इ. स. २०११ मध्यें ब्रिटिश मेडिकल जर्नलांत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तळपायास चामखीळ असलेल्या २४० रोग्यांपैकीं कांहींची चामखीळ द्रवरूप नायट्रोजननें गोठविली, कांहींना घरीं लावावयास ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड दिलें. बारा आठवड्यांनीं दोहोंकडे शेंकडा सुमारें १४ जणच पूर्ण बरे झाले होते! जहाल उपाय तोच गुणकारी, ही आमची समजूत येथें लटकी पडते.

तथापि थांबणें म्हणजे दुर्लक्ष नव्हे. मधुमेहानें किंवा कुष्ठरोगानें ज्याचें पाऊल बधिर झालें, त्यानें घरीं ब्लेड किंवा ॲसिड वापरूं नये, डॉक्टरकडेच जावें. तळव्यावरील काळा डाग वाढूं लागला, तर तो कर्करोगहि असूं शकतो. तेथें विलंब हाच घात.

इतर वेळीं, दुसऱ्याला थांब म्हणणारानें त्या थांबण्याचा कांहीं भार स्वतः उचलावा, असें आम्हांस वाटतें. मऊ तळाची, रुंद चप्पल घ्यावयास त्याजपाशीं पैसे नसले, तर नुसता उपदेश काय कामाचा? म्हणून कोणी पाय दाखवावयास आला, तर आम्ही आधीं त्याची चप्पल पाहतों, आणि विचारतों, "रोज किती चालावें लागतें?"