पंगत आणि पट्टा

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलं की जमिनीवर ओळीत बसायचं, शेजारी कोण आहे हे विचारायचं नाही. शीख परंपरा सांगते की गुरू अमरदासांना भेटायला आलेल्या अकबर बादशहालाही आधी पंगतीत बसावं लागलं होतं. याच शहरात २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या, म्हणजे धर्मग्रंथाला गुरुपद दिल्याच्या घटनेच्या, त्रिशताब्दीनिमित्त रस्ते नव्यानं आखले गेले आणि काही रस्त्यांवर सायकलींसाठी वेगळा पट्टा ठेवला गेला. मी जन्मभर सायकलनं शाळेत जाणारा विज्ञानाचा मास्तर. मला प्रश्न पडला, पंगतीच्या गावात ही वेगळी ओळ कशाला?

वेगळेपणाचा आपला इतिहास काही चांगला नाही. वेगळा पाणवठा, वेगळी वस्ती, वेगळा पेला. १९२७ साली डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते आमच्यासाठी दुसरं तळं खणा म्हणायला गेले नव्हते. सार्वजनिक रस्ताही सगळ्यांच्या पैशानं झालेला असतो. म्हणून मोटारीची काच खाली करून कुणी ‘काका, तिकडून चालवा की’ म्हणालं की मला त्यात जुनाच सूर ऐकू येतो. कोलकात्यात तर कित्येक रस्त्यांवर सायकलीला बंदीच घातली गेली.

पण मास्तरकी गप्प बसू देत नाही. विटाळाची भीती खोटी होती. कुणी पाण्याला हात लावला म्हणून कुणाचं काही बिघडत नव्हतं. धडकेची भीती मात्र खरी आहे. मोटार १२०० किलोची, सायकल माणसासकट ८० किलोची. वजन १५ पट. मोटारीचा वेग ताशी ६० किलोमीटर, सायकलीचा १५. म्हणजे ४ पट. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून मोटारीजवळची ऊर्जा २४० पट भरते. एवढी तफावत असलेल्या दोघांना एकाच जागेत सोडून त्याला समता म्हणायचं, तर त्या समतेची किंमत दर वेळी एकटा सायकलवालाच मोजणार.

लातूरच्या गंजगोलाईत वेगळा पट्टा लागत नाही. १६ रस्ते तिथं येऊन मिळतात. हातगाडी, सायकल, ऑटो, जीप सगळे एकमेकांना खेटून चालतात. तिथं कुणाला वेग घेताच येत नाही, त्यामुळे मोटार आपोआप पंगतीत बसते. लातूरच्याच औसा रोडवर गोष्ट निराळी. क्लासला निघालेल्या पोरांच्या शेजारून ट्रॅव्हल्सची बस सुसाट जाते, तिथं मोटारीनं पंगत नाकारलेली असते. पंगतीची अट बादशहानं खाली बसण्याची होती. गरिबानं अंग चोरून बसावं, अशी अट तिथं कधीच नव्हती.

आता माझं उत्तर देतो. जिथं वेग उतरवता येतो तिथं तो उतरवावा आणि सगळ्यांनी एकत्र चालावं. जिथं उतरत नाही तिथं पट्टा हवाच. मात्र मनाई कुणाला, हे आधी ठरवावं. मोटारीला पट्ट्यात मनाई असेल तर ते संरक्षण झालं. सायकलीला रस्त्यावर मनाई असेल तर तो बहिष्कार. आळंदी-पंढरपूर पालखी मार्ग रुंद करताना कडेनं वारकऱ्यांसाठी चालायची वाट आखली गेली. ती वाहनांपासून वारकऱ्यांना जपण्यासाठी आहे. वारी रस्त्यातून बाजूला सारण्यासाठी तिचा उपयोग झाला, तर तिचाही अर्थ बदलेल.

पट्ट्याची जागा मोटारीच्या रुंदीतून काढावी. पायी चालणाऱ्याच्या वाट्यातून काढू नये. कारण पट्ट्याची गरज सायकलीच्या दुबळेपणामुळे पडत नाही, मोटारीला आपला वेग सोडवत नाही म्हणून पडते. आणि त्या पट्ट्यात बुलेट नि स्कूट्या लावून ठेवल्या असतील, तर मी बिनदिक्कत मुख्य रस्त्यावरून सायकल हाणतो. मागून हॉर्न वाजला तरी कडेला सरत नाही. पट्टा माझी सोय आहे. रस्त्यावरचा माझा हक्क त्यानं संपत नाही.